नाव येईपर्यंत

"माया पोराचं नाव कुठी गेलं?"

बाईंनी काउंटरवर ओझं ठेवलं, ठेवलं म्हणजे आदळलंच, आणि दम घ्यायच्या आधी हा प्रश्न विचारला. मी एका म्हाताऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढत होतो. आमच्या कामरगावात नाव जाणं ही काही नवलाई नाही. सातबाऱ्यातून जातं, रेशनकार्डातून जातं, घरकुलाच्या यादीतून तर येण्याच्या आधीच जातं. दिवसातून दोन जण तरी माझ्या दुकानात आपलं हरवलेलं नाव शोधायला येतात.

"कशातून गेलं, वहिनी? रेशनकार्डातून का?"

"ह्याच्यातून," त्या म्हणाल्या आणि त्यांनी जुन्या लुगड्याची गाठ सोडली. आत कॉम्प्युटरचा डबा होता. काळा, एका बाजूचा पत्रा चेपलेला. तो मी लगेच ओळखला, कारण आठच दिवसांपूर्वी मीच तो दुरुस्त करून दिला होता.

त्यांच्यामागे सतरा-अठरा वर्षांची पोरगी उभी होती. आईनं चारचौघांत काही करू नये म्हणून जीव मुठीत धरून उभ्या राहतात ना पोरी, तशी. ती हळूच म्हणाली, "चाचा, मी निकिता. मागच्या आठवड्यात बाबा आन मी आलतो. तवा आई मामाच्या गावी होती."

मग सगळं आठवलं. शालिग्रामभाऊ. इथून आठ किलोमीटरवरच्या खेड्यातला माणूस. डबा पोरीनंच उचलून आणला होता, हे जीपमधून काढ, ते आत घे, सगळं तीच करत होती. बाप दारातच उभा. मी आत बोलावलं तर म्हणाला, "नाई, तिकून वायरी हाय." मला गंमत वाटली होती. कॉम्प्युटर लावला आणि एकाची झेरॉक्स काढून येऊन पाहिलं, तर पडद्यावर चित्र नाही, काही नाही, नुसता काळोख आणि वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ. तिच्यापुढं लुकलुकणारी एक बारीक रेघ.

"हे असंच दिसते," निकिता म्हणाली होती. "मले नर्सिंगच्या परीक्षेसाठी पाहिजे. याच्यावर काहीच उघडत नाई."

आमच्या धंद्यात एकच औषध आहे, फॉर्मेट. खेड्यातल्या डॉक्टरचं जसं इंजेक्शन. ताप आला दे टोचून, पाय मुरगळला दे टोचून. कॉम्प्युटर हळू चालतो, करा फॉर्मेट. व्हायरस आला, करा फॉर्मेट. वीस वर्षांत मी हजारभर मशीन अशी धुऊन दिली असतील. आत काही ठेवायचं आहे का, हे मी विचारतो, पण विचारता विचारता बोट बटणावर गेलेलं असतं. त्या दिवशीही विचारलं. शालिग्रामभाऊ दारातूनच म्हणाले, "नाई, काई नाई त्याच्यात. सगळं साफ करा." इतकं घाईनं म्हणाले की मला खरं तर थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. दोन तासांत रॅम वाढवून विंडोज टाकलं, पडद्यावर हिरव्या डोंगराचं चित्र लावलं आणि वर पोरीला म्हणालो, "घे, आता राणीसारखं वापर."

आता त्या डब्यापलीकडं शालिग्रामभाऊंची बायको, पंचफुलाबाई, उभ्या होत्या आणि विचारत होत्या की पोराचं नाव कुठं गेलं.

मी म्हाताऱ्याला झेरॉक्स देऊन वाटेला लावलं आणि त्यांना स्टूल दिलं. त्या बसल्या नाहीत.

"पवन," त्या म्हणाल्या. "माहा पोरगा. त्यानं बनवलं होतं हे. भंगारातून एक एक वस्तू आनून. मंग एक दिवस मले बलावलं आन म्हने, आई, पाय, मशीनले म्या माहं नाव देलं. हे पाय, हे लिवलं तिथी, पवन. मले काई इंग्रजी येत नाई, पन मी ते ध्यानात ठेवलं. पाच अक्षरं होते."

"कुठं असतो पवन?"

निकितानं मान खाली घातली. बाईच बोलल्या, सरळ, आवाज न बदलता.

"वावरातल्या मोटरीच्या पेटीत करंट होता, त्यानं धरलं त्याले. मागच्या साली, दिवाईच्या आंधीच्या दिवसात. बापानं पाठवलं होतं, मोटर चालू करून ये म्हनून."

तेव्हा मला शालिग्रामभाऊंचं दारात उभं राहणं कळलं आणि मनातली आठ दिवसांपूर्वीची गंमत आंबट झाली. पवन गेला त्या दिवसापासून हा माणूस घरातलं दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाही, निकिता दाबते. हे नंतर तिनंच सांगितलं.

पुढचं बाईंनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. तेराव्यानंतर एके दिवशी दिवेलागणीला त्यांनी पोराच्या खोलीत जाऊन मशीनचं बटण दाबलं. का दाबलं, त्यांनाही सांगता येत नव्हतं. पडदा काळा झाला, आणि मग ते नाव आलं. त्यापुढं ती बारीक रेघ उघडझाप करत होती. त्या बसून राहिल्या. भाकरी टाकायची वेळ झाली तेव्हा बटण बंद करून उठल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. देवाजवळ दिवा लावायचा आणि मग मशीन लावायचं. असे चौदा महिने.

"मानसं म्हनत, बाई येडी झाली," त्या म्हणाल्या. "म्या कोनाचं काय घेतलं? पाच मिनिट बसो. तेवढंच तर त्याचं नाव कोनी घेत होतं घरात. मानूस नाव घेतलं का रडते, म्हनून कोनी घेतच नाई. मशीन घेत होतं."

आणि तेवढ्यात मला आणखी एक गोष्ट आठवली. पवनला मी ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी एक उंच, दात पुढं असलेला पोरगा जुनी रॅम शोधत माझ्याकडं आला होता. मी म्हणालो होतो, अरे, विंडोज टाकून देतो, कशाला त्या लिनक्सच्या नादी लागतो, दीडशहाण्या! तो हसला होता. म्हणाला, "चाचा, माह्या मशीनले चित्र झेपत नाई. चित्र आलं का गळाठते. म्हनून म्या अक्षरावरच थांबवलं तिले. सुरू झाली का सिधी अक्षरात उभी राह्यते." त्याला मी पन्नास रुपयांत रॅम दिली होती आणि वर टिंगल केली होती. तेच मशीन परत माझ्या हाती आलं आणि मी ते ओळखलं नाही.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "बाकी मले काई नको. तो डोंगर नको. ते नाव तेवढं परत आना. त्यानं लिवलेलं."

"आणतो," मी म्हणालो.

का म्हणालो? पुसलेलं कधी कधी परत येतं, हे खरं आहे. पण नुसतं पुसलेलं. मी तर पाटी पुसून वर रंग मारला होता. हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. तरी म्हणालो, "गुरुवारी या. परत आणून ठेवतो." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं, समोरचं माणूस एकदाचं दुकानातून जावं एवढंच मला हवं होतं.

जाताना निकिता मागं वळली. "चाचा, माहा अभ्यासबी त्याच्यावरच हाय. आईले नाव पाहिजे, मले परीक्षा पाहिजे. दोन्ही होईन का?"

"होईल," मी म्हणालो. एकदा खोटं बोलायला लागलं की दुसरं सोपं जातं.

त्या रात्री जेवताना मी लतीफाला सगळं सांगितलं. लतीफा, माझी बायको, कमी बोलते. तिनं ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "नाव तुम्ही लिहाल ना? मग त्याचं कसं ते?"

"तिला काय कळणार आहे? इंग्रजी येत नाही तिला."

"माँ को क्या समझता, क्या नहीं, ये तुमको कबसे समझने लगा?"

मी जेवण अर्धंच टाकलं.

दोन दिवस मी त्या मशीनच्या डिस्कवर पुसलेलं शोधणारी सॉफ्टवेअरं चालवली. हाती काय लागलं? अर्ध्या गाण्याचा तुकडा, कुठल्याशा फॉर्मची खालची बाजू, बाकी कचरा. पवन कुठंच नव्हता. मग मी मुकाट्यानं दुसऱ्या रस्त्याला लागलो.

लिनक्स मी तरुणपणी अकोल्याला एका क्लासमध्ये शिकलो होतो आणि दुकान टाकल्यावर सहा महिन्यांत विसरलो होतो. ग्राहक विंडोज मागतात, मीही तेच देतो. आता पंचेचाळिसाव्या वर्षी मोबाईलवर बघून बघून पेनड्राइव्ह बनवली. पहिल्यांदा टाकलं तर मशीन सुरू होताना रंगीबेरंगी बोधचिन्ह आणि मग पुन्हा चित्रं, खिडक्या. ते काढायचं होतं. शेवटी सापडलं. सुरुवातीलाच मशीनला सांगून ठेवायचं असतं की तू चित्रांपर्यंत जाऊ नकोस, अक्षरांवर थांब. एका ओळीचं काम. ती ओळ लिहिली, बोधचिन्ह लपवलं, आणि दुसऱ्या ओळीत मशीनचं नाव बदललं. पवन. इंग्रजीत पाच अक्षरं, मी मोजून लिहिली.

निकिताचंही जमवलं. अक्षरांवर थांबलेल्या मशीनला आपलं नाव आणि परवलीचा शब्द सांगून एक आज्ञा दिली की चित्रं उघडतात, इंटरनेट चालतं. म्हणजे संध्याकाळी आईचं, रात्री पोरीचं. मशीन एक, दोघींना पुरे. खरं सांगतो, ते जमलं तेव्हा मला अभिमान वाटला. वीस वर्षांत धुण्याशिवाय काही केलं नव्हतं, आज काहीतरी बांधलं होतं. मी पाच वेळा बंद-चालू करून पाहिलं. दर वेळी काळा पडदा, वर एक ओळ, आणि पुढं लुकलुकणारी रेघ. हुबेहूब.

गुरुवारी दुपारी तिघं आले. बाई, निकिता आणि या वेळी शालिग्रामभाऊही. ते दारातच थांबले. मी त्यांच्याकडं पाहिलं तर त्यांनी नजर चुकवली आणि रस्त्यावरच्या जीपकडं बघत म्हणाले, "म्याच सांगतलं होतं साफ करा म्हनून. तिचं ते रोजचं बसनं मले पायवत नव्हतं. मले वाटलं, नाव गेलं का तीबी जगाले लागीन."

"तुमी गप राहा," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, थकवा होता.

मी पडद्यावरची धूळ पुसली. स्टूल पुढं सरकवलं. या वेळी त्या बसल्या, पदर नीट घेऊन, देवापुढं बसतात तशा. "तुम्हीच दाबा बटण," मी म्हणालो.

त्यांनी बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा काळा झाला, काही ओळी भराभर वर सरकल्या आणि वीस सेकंदांत नाव आलं.

निकिताच्या तोंडून "आई!" निघालं. मी बाईंच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. त्यांनी ते नाव पाहिलं, अक्षरांवरून बोट फिरवलं. ओठ हलले, मोजत असाव्यात. मग त्यांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

"तेच आहे ना, वहिनी?" मीच विचारलं. गप्प बसायला हवं होतं.

"अक्षरं तेच हाय," त्या म्हणाल्या. "पन हा आला नाई. हा आंधीच येऊन बसलेला हाय."

"म्हणजे?"

"त्याचं नाव असं पटकन नोतं येत. बटन दाबलं का सगळं थांबून जाय. मंग तीन लाल चांदण्या दिसत, लहान लहान. त्या इकडून तिकडं पयत, तिकून इकडं. लई वेय. म्या म्हनो, येऊन राह्यला. वावरातून निंगाला. आता नाल्यापाशी आला. आता पायतन काढते. आन मंग नाव ये."

शालिग्रामभाऊंनी दाराच्या चौकटीला हात लावला.

मला कळलं त्या कशाबद्दल बोलत होत्या. चार दिवसांच्या वाचनात ते माझ्या नजरेखालून गेलं होतं. ती खोट असते. मशीनला यादीत लिहून दिलेली एखादी डिस्क नंतर काढून टाकली आणि यादीतून तिचं नाव खोडायचं राहिलं, तर सुरू होताना मशीन ती शोधत बसतं. दीड मिनिट थांबतं, तोवर ते लाल तारे इकडून तिकडं फिरत राहतात, आणि मग डिस्क नाहीच असं समजून पुढं जातं. पवननं कधीतरी बिघडलेली डिस्क काढली असेल आणि यादी तशीच सोडली असेल. पोराचा आळस. मी मेकॅनिक म्हणून ती खोट पहिल्या झटक्यात दुरुस्त केली असती.

"मी ते करून देतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच घाईचा वाटला. "दहा मिनिटांचं काम आहे, वहिनी. त्या चांदण्या तशाच फिरतील. तेवढाच वेळ लागेल. बसा तुम्ही."

आणि मी कीबोर्ड ओढलाही. त्यांनी माझ्या मनगटाला धरलं. रापलेला, खरखरीत हात.

"भाऊ, एक खरं सांगा. हे परत आलं का तुमी लिवलं?"

मी ठरवून बसलो होतो. "परत आलं" एवढे दोन शब्द होते. चार दिवस मी ते मनात घोळवले होते. आणि बाई माझ्याकडं रागानं पाहत असत्या तर मी बोललोही असतो. पण त्या मला सांभाळून घेतल्यासारख्या पाहत होत्या, आपल्या प्रश्नानं या माणसाला त्रास होणार हे ठाऊक असल्यासारख्या. मला त्या क्षणी माझी लाज वाटली.

"मी लिहिलं," मी म्हणालो. "त्याचं सगळं माझ्या हातून गेलं. परत येणार नाही. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

निकिता रडायला लागली. बाई रडल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि मान हलवली, दोनदा, हळूहळू.

"म्या बी समजलीच होती," त्या म्हणाल्या. "तुमी मन लावून केलं, हे दिसते. चांदण्याबी करान तुमी, चांगल्याच करान. पन मले मालूम राहीन ना. रोज बसून मी तुमच्या हातचं पाहीन आन त्याचं समजीन. हे नाई व्हायचं मायाच्यानं."

"माफ करा मला, वहिनी."

"तुमाले काय माफ करू? तुमाले सांगतलं म्हनून तुमी केलं." हे म्हणताना त्यांनी दाराकडं पाहिलं नाही, पण दारातला माणूस आणखी बाहेर सरकला. मग त्या पडद्याकडं वळल्या. "हे पुसून टाका. त्याचं नाव दुसऱ्याच्या हातचं नको."

मी ती ओळ पुन्हा उघडली. पाच अक्षरं होती. एक एक खोडायला किती वेळ लागतो? फॉर्मेट करताना पवनला मी एका फटक्यात पुसलं होतं, तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आता शेवटून पुढं एक एक अक्षर जात होतं आणि ती आई ते प्रत्येक अक्षर जाताना पाहत होती.

जागा रिकामी झाली. रेघ तिथं लुकलुकत राहिली.

"काहीतरी नाव लागतं मशीनला," मी म्हणालो. "रिकामं सोडता येत नाही."

"मंग हिचं टाका," त्या म्हणाल्या. "हिले नर्स व्हायचं हाय. मशीन हिचंच हाय आता."

"आई, नको," निकिता म्हणाली.

"गप. टाका भाऊ."

मी निकिता लिहिलं, मशीन बंद केलं आणि पुन्हा लावलं. वीस सेकंदांत नाव आलं. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, पहिल्यासारखंच. हे त्यांना वाचता येत नव्हतं, अक्षरंही त्यांनी मोजली नाहीत. त्या पोरीकडं वळल्या. तिच्या गालावरचं पाणी आपल्या पदरानं पुसलं.

"घरीबी अशीच लवकर येत जाजो," त्या म्हणाल्या. "वाट पाहाले नको लावू मले."

निकितानं मान हलवली. मग दोघींनी मिळून डब्यावर जुनं लुगडं पसरलं. पंचफुलाबाई गाठ मारायला लागल्या, पण गाठ बसेना. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. तेव्हा शालिग्रामभाऊ दारातून आत आले, वायरी चुकवत चुकवत, आणि त्यांनी लुगड्याचं एक टोक घट्ट धरून ठेवलं.